शिवेपर्यंत चालत

हे वाचायला घ्याल तेव्हा मोबाइल उलटा करून ठेवा. एवढीच अट. चालायचंय ते मनातल्या मनात, आणि वाट तशी थोडीच आहे. म्हणून तर ती सावकाश चालायची.

पौषातली सकाळ धरू. टिटवाळा लोकल टिटवाळ्याला येते आणि तिथेच संपते. दारात एकच झुंबड उडते आणि दोन मिनिटांत डबा मोकळा होतो. एरवी गाडी थांबायच्या आत फलाटावर पाय टेकवणारे आपण. आज बसून राहा. सगळ्यांना उतरू द्या. रिकाम्या डब्याला स्वतःचा आवाज असतो. वरच्या कड्या एकमेकींवर हलकेच आपटत राहतात, मग एकेक करून गप्प होतात. शेवटची कडी गप्प झाली की उठा.

स्टेशनाबाहेर जास्वंदीचे हार, दूर्वांच्या जुड्या, आणि ‘मंदिर, मंदिर’ म्हणत रिक्षात कोंबणारे रिक्षावाले. आज मंगळवार नाही, हे बघूनच आलो आहोत. अंगारकीला आलात तर मनन वगैरे विसरा आणि मुकाट्याने रांगेत उभे राहा. देऊळ दोनेक किलोमीटरवर आहे. पायीच जाऊ. पावलं मोजू नका. हल्ली मनगटावरचं घड्याळच मोजत असतं. त्याला मोजू दे, आपण त्याच्याकडे बघायचं नाही. टाच टेकते, मग चवडा टेकतो, मग दुसरा पाय. थंडीत सकाळी पहिली शंभर पावलं अवघडलेली पडतात, पुढे अंग सुटतं.

बरोबर एक प्रश्न घेऊ. माझ्या एका मित्राचा आहे. तो इटलीत टस्कनीत आठ दिवस पायी हिंडून आला. परतल्यावर फोटो दाखवत बसला. टेकडीवरची गावं, दगडी कमानी, दुतर्फा सुरूसारखी उंच झाडं असलेले पांढऱ्या खडीचे रस्ते. फोटो संपल्यावर म्हणाला, “आपल्याकडे असं एकही गाव नाही बघ. आठशे-हजार वर्षांचं, जसंच्या तसं.” मला राग आला होता, आणि उत्तर तर अजिबात सुचलं नव्हतं. पुढे काही वर्षं या बाजूला हिंडताना ते तुकड्यातुकड्याने हाती आलं. तेच तुकडे आज पुन्हा एकदा हातात धरून बघायचे आहेत.

आधी त्याचं गाव नीट बघू. हेवा न करता. चालता चालता डोळ्यांसमोर एक बुटकी टेकडी आणा. तिच्या माथ्यावर मुकुट ठेवावा तशी दगडी तटबंदी, तिला चौदा बुरूज. मोंतेरिज्जोनी हे तिचं नाव. १२१३ साली सिएनाने फ्लॉरेन्सवर नजर ठेवायला हा कोट बांधायला घेतला. दांतेला नरकाच्या खोल विहिरीभोवती उभे असलेले राक्षस दाखवायचे होते, तेव्हा त्याला हेच बुरूज आठवले. आत एक चौक, एक चर्च, विहीर, थोडी घरं. या वेशीतून शिरून त्या वेशीतून बाहेर पडायला पाच मिनिटं पुरतात. जवळून एक जुनी यात्रेची वाट जाते, व्हिया फ्रांचिजेना. इंग्लंडातल्या कँटरबरीपासून थेट रोमपर्यंत. ९९० साली सिगेरिक नावाचा कँटरबरीचा आर्चबिशप रोमला गेला होता. परतीच्या वाटेवरचे मुक्काम त्याने टिपून ठेवले, जवळजवळ ऐंशी. काय खाल्लं, पायाला फोड किती आले, पाऊस कुठे लागला, काही नाही. नुसती नावं, ओळीने. त्या नावांच्या आधाराने हजार वर्षांनी लोकांनी ती वाट पुन्हा शोधून काढली, आणि १९९४ साली युरोपच्या परिषदेने तिला सांस्कृतिक मार्गाचा मान दिला.

एक बिशप मुक्कामांची यादी करतो, यात मराठी माणसाने नवल करू नये. महानुभावांची चौदाव्या शतकातली स्थानपोथी आहे. चक्रधरस्वामी कुठे उतरले, कुठे बसले, ते देऊळ कुठल्या तोंडाचं, त्याच्या कुठल्या बाजूला काय, असं ठिकाणाठिकाणाने नोंदवलेलं. भक्ताला तिथे पायी जाऊन नेमक्या जागेवर माथा टेकता यावा, एवढ्यासाठी. ती गावं गोदावरीच्या बाजूची, इथली नव्हेत. पण नावांनी वाट जपायची रीत आपल्याला परकी नाही, एवढं लक्षात ठेवून पुढे चालू.

रस्त्याच्या एका अंगाला नव्या इमारतींचे सांगाडे, दुसरीकडे चाळींच्या रांगा, मध्येच चुकून राहिलेलं एखादं कौलारू घर. डोळ्यांना हे सगळं खुपेल. खुपू द्या. डोळे झाकून केलेलं मनन टिटवाळ्यात फार टिकत नाही, पाठीमागून हॉर्न वाजतो.

देवळापाशी आलो. दर्शन घ्यायचं असेल त्याने घ्यावं. मी आधी तळ्याकाठी टेकतो. इथे कण्व ऋषींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विसरलेल्या शकुंतलेने इथे गणपतीची आराधना केली, अशी टिटवाळेकरांची श्रद्धा. लग्न जुळावं म्हणून आजही मुलंमुली आईबापांसह येतात ती याच कथेपायी. देवळाशी नाव जोडलेलं आहे ते थोरल्या माधवराव पेशव्यांचं. तळं उपसताना मूर्ती सापडली, असं सांगतात. म्हणजे पुराणातली एक गोष्ट, पेशवाईतली एक गोष्ट, आणि मधली कित्येक शतकं कोरी. आपल्याला जायचंय ते या कोऱ्या जागेत. तळ्याच्या पाण्याकडे थोडा वेळ बघा. वारा आला की देवळाचं प्रतिबिंब मोडतं, वारा पडला की जुळतं. दोन-तीनदा असं होईस्तोवर बसा.

आता नदीकडे.

काळू नदी पौषात अंगाने उतरलेली असते. खडक वर आलेले, मधून पाणी. कुणी कपडे आपटतंय, त्याचा आवाज कपडा खडकावर पडून गेल्यावर जरा उशिराने पोचतो. या दिवसांत तिच्याकडे बघून खरं वाटत नाही, पण आषाढ-श्रावणात रुंद्याचा पूल पाण्याखाली जातो आणि पलीकडच्या गावांची टिटवाळ्याला यायची वाट बंद होते. एखाद्या सपाट दगडावर बसा. दगड गार असेल. अंगाची ऊब त्याला लागेपर्यंत उठू नका.

मागून कसाऱ्याकडची गाडी जाईल. १८५५ च्या ऑक्टोबरात कल्याण ते वाशिंद रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून हा आवाज या नदीच्या ओळखीचा आहे. तो गेला की मागे उरेल ती शांतता ऐका. त्या शांततेत बैल आणि खेचरं चालवून बघा. कल्याण बंदरात उतरलेला माल मुरबाडच्या अंगाने वैशाखऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून नाणेघाट चढून जुन्नरला. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. गुहेत सातवाहनांच्या नागणिका राणीचा लेख आहे. ग्रीक खलाशाने लिहून ठेवलेल्या पेरिप्लसमध्ये कल्याणचं नाव ‘कल्लिएना’ असं येतं. भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांची खापरं नेवाशाच्या उत्खननात निघाली. माझ्या मित्राच्या इटलीची दारू दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्री चढून देशावर पोचली होती. त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, चढताना निम्मी संपली असेल.

इथून पुढे वाट बांधांवरून. भात कधीच कापून झालंय. खाचरांत सड उभे आहेत, कुठे कुठे वाल पेरलाय, त्याच्या पानांवर दव. बांध एका पावलाच्या रुंदीचा. दोघं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. बोलायचं तर मान वळवावी लागते आणि मान वळवली की पाय घसरतो. म्हणून बांधावरून माणसं गप्प चालतात. तुम्हीही गप्प चाला. एका बांधावरून दुसऱ्यावर जाताना पाऊल किती सावध पडतं, तेवढंच बघा.

असाच एकदा एकटा चालत होतो. कुठल्या गावात आहे याचा पत्ता नव्हता. एक म्हातारे शेतकरी बांधाच्या टोकाशी कोयत्याने काटेरी झुडूप तोडत होते. त्यांना गाव विचारलं. त्यांनी कोयता खाली ठेवला, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, “हा पाय आमच्या गावात, तो पाय त्यांच्या. शिवंवर उभा हाय तू.” मी खाली बघितलं. दोन्ही पायांखाली सारखीच माती. एक आंब्याचं झाड, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड, त्याच्यापुढे वाळलेली नारळाची करवंटी. तो गावदेव. त्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. कुंपण नाही, पाटी नाही. म्हाताऱ्यांना मात्र ती रेघ माझ्या अंगावरून जाताना दिसत होती.

त्या जागी आज पुन्हा उभे राहू. तुमच्या ओळखीचा असाच एखादा बांध, ओढा, वडाचं झाड मनात आणा, जिथे ‘इथून पुढे आमचं नाही’ असं लहानपणी कुणीतरी सांगितलं होतं. दोन्ही पाय जमिनीवर ठेवा. एक इकडे, एक तिकडे. घाई नाही.

शीव हा शब्द आपण रोज बघतो. मध्य रेल्वेवर त्या नावाचं स्टेशन आहे, इंग्रजीत सायन. जुन्या मुंबई बेटाची ती शीव. लाखो माणसं रोज ती ओलांडतात आणि एकालाही काही ओलांडल्यासारखं वाटत नाही.

आता मित्राच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर. त्याच्या गावांची घरं दगडाची, आपली कुडाची. कारवीच्या काठ्या, वरून शेणमाती, छपराला पेंढा किंवा गवत. कोकणपट्टीतला पाऊस असं घर दोन-तीन वर्षांत खाऊन टाकतो. म्हणून दर उन्हाळ्यात शाकारणी. पावसाळ्याआधी छप्पर नवं, भिंतीला नवा लिंपा, जमिनीला नवं सारवण. घर असं दरसाल नवं होत राहिलं तर त्याचं वय मोजणार कसं? दगड वापरला तो देवासाठी. म्हणून अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ म्हणजे १०६० सालचं आज उभं आहे, आणि ते बांधणारे पाथरवट ज्या घरांत राहिले त्यांतलं एकही नाही.

मग गाव कुठे टिकलं? इथून उत्तरेकडे, नदीपलीकडे तोंड करा. भिवंडी तालुक्यात भादाणे नावाचं गाव आहे. फोटो काढावा असं काही त्यात नाही. पण शके ९१९ मध्ये, म्हणजे ९९७ साली, उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अपराजित राजाने ते दान दिलं, आणि दानाचा ताम्रपट सापडलेला आहे. सिगेरिकने आपले मुक्काम लिहिल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. आषाढातला दिवस, सूर्याचं दक्षिणायन सुरू होतं तो पुण्यकाळ. बाहेर पाऊस असणार. ठाण्याच्या दरबारात कुणीतरी ओल्या पायांनी आत आलं असेल.

हा प्रसंग जरा जवळून बघू. तांब्याचा पत्रा, तळहातापेक्षा मोठा, ठोकून सपाट केलेला. आधी शाईने मजकूर लिहायचा, मग कोरणाऱ्याने छिन्नीने अक्षर अक्षर उठवायचं. पत्रे एका कडीत ओवायचे, कडीवर राजाची मुद्रा. शिलाहारांचा गरुड. अशा पत्र्यांत राजाची वंशावळ लांबलचक असते, विशेषणांवर विशेषणं. ती वाचताना डुलकी येते हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण मग एकदम भाषा खाली उतरते. गावाचं नाव येतं आणि त्याच्या चार दिशांच्या चार सीमा सांगायला सुरुवात होते. पूर्वेला अमुक, दक्षिणेला तमुक. नदी, डोंगर, ओहोळ, शेजारचं गाव. त्या ओळी राजाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या सांगणारा माणूस बांधावरून चाललेला असणार. त्याचं नाव पत्र्यावर नाही. मला तो नेहमी कोयता खाली ठेवून माझ्या पायांकडे बघणाऱ्या म्हाताऱ्यांसारखा दिसतो.

भादाणे हे नाव सावकाश म्हणा. ओठ मिटतात, उघडतात, जीभ टाळूला लागते. हजार वर्षं रोज कुणीतरी हे केलं. लेकीला कुठे दिली, बैल कुठून आणला, कुठला रे तू, या प्रश्नांना उत्तर म्हणून. शिलाहार गेले, यादव गेले, गुजरातचे सुलतान, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळे येऊन गेले. नाव तोंडातून तोंडात जात राहिलं. शाकारणी झाली, तीही अशी की छप्पर बदललं तरी वासा तोच राहिला.

हे दान होतं लोणादित्य नावाच्या देवासाठी. देवाची जागा लवणेतट. लवण म्हणजे मीठ, तट म्हणजे काठ. खाडीच्या खाऱ्या पाण्याची आठवण असलेलं हे नाव म्हणजे आजचं लोनाड. कल्याणहून गांधारीचा पूल ओलांडून पडघ्याच्या रस्त्याला लागलं की हे गाव लागतं. आज तिथे चालत जायचं नाही, फक्त आठवायचं. गावाजवळच्या डोंगरात एक बौद्ध लेणं आहे, अर्धवट राहिलेलं. भिंतीवर राजसभेचं शिल्प, झिजलेलं; पण राजा आरामात बसलाय आणि भोवतीची माणसं त्याच्याकडे झुकली आहेत एवढं अजून कळतं. गावाला ही खंडेश्वरी. देवीला हळदकुंकू आहे, नारळ आहे, नवस आहे. भिक्खूंनी कोरलेलं लेणं गावाने देवीसाठी वापरात ठेवलं आणि त्यामुळेच ते झाडलोट होऊन राहिलं. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. मी मुरडत नाही. गावातच शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिराचे भग्न अवशेष आहेत, आणि लोनाडजवळच्या चौधरपाड्याला शिलाहार केशिदेवाचा शके ११६१ चा दानलेख मिळाला, ब्रह्मपुरी गाव दान दिल्याचा.

अशा दानाच्या शिळेला गद्धेगाळ म्हणतात. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात शेताच्या कडेला, देवळाच्या मागे त्या उभ्या असतात, कधी कपडे धुवायला वापरतात. वर सूर्य आणि चंद्र, मध्ये लेख, खाली गाढव आणि स्त्री. जो हे दान मोडेल त्याच्या आईची अशी विटंबना होईल, अशी ती शिवी आहे. तिला सजवून सांगण्यात अर्थ नाही. जमीन बळकावणार पुरुष आणि दंड त्याच्या आईला, हा न्याय आजही आपल्याला ओळखीचा आहे. पण नजर जरा वर न्या. तो सूर्य आणि तो चंद्र. दगडात कोरलेलं एक वर्तुळ, शेजारी एक कोर. ‘आचंद्रार्क’ हा दानपत्रातला शब्द. चंद्रसूर्य असेतोवर हे चालावं. ज्याला लेख वाचता येत नव्हता त्यालाही मुदत कळावी म्हणून ती चित्रं. लोणादित्य म्हणजे तरी काय, सूर्यच.

उन्हं आता खांद्यावर आली असतील. क्षणभर डोळे मिटा आणि तोंड उन्हाकडे करा. पापण्यांच्या आत लाल दिसेल. तसेच राहा.

त्या लाल रंगात एक दुसरा डोंगर येऊ दे. इटलीचाच, पण टस्कनीचा नव्हे. शेजारच्या उंब्रियाचा, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातला. १० जुलै १९४४. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधला नाईक यशवंत घाडगे आपली तुकडी घेऊन चढतो आहे. वय बावीस. गाव माणगाव तालुक्यातलं, आजचा रायगड जिल्हा. म्हणजे हाही कुडाच्या घरांतला, शाकारणी पाहिलेला. जवळून मशिनगन सुरू झाली आणि तुकडीतला तो एकटाच उभा राहिला. तसाच पुढे धावला, हातबाँबने मशिनगन बंद पाडली, समोरच्यांना आडवं केलं, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि शेवटी लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. इटलीच्या त्या लढाईत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक होते, त्यांतले पाच हजार सातशेहून अधिक तिथेच राहिले. दुसऱ्यांच्या युद्धात, दुसऱ्यांच्या शिवेवर.

त्या खोऱ्यात मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. माझ्या मित्राला हवं होतं तसंच. दगडी, मध्ययुगीन, चढत्या गल्ल्यांचं. २०२३ च्या जुलैत तिथे घाडग्यांच्या नावाने स्मारक झालं. पुतळा नाही, घोडा नाही, सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. मित्र त्या देशात जाऊन आला आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हा नव्हतं. मोंतोनेच्या लोकांनी गद्धेगाळ पाहिला असण्याची शक्यता नाही. तरी परक्या मुलखातल्या मेलेल्या पोरासाठी दगड उभा करायची वेळ आली, तेव्हा त्यांनाही वरच्या बाजूला सूर्यच कोरावासा वाटला.

डोळे उघडा. हळूच, उजेड बोचेल.

जुनी गावं जपायच्या इटलीच्या रीतीत सगळं गोड नाही, हेही बघून ठेवू. चिविता दी बान्योरेज्जो नावाचं तिथलं एक गाव ठिसूळ कड्यावर आहे. कडा वर्षानुवर्षं ढासळतोय, गावात जायला एक लांब पादचारी पूल, आणि २०१३ पासून तिकीट. बघायला लाखो येतात. कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. भिंती राहिल्या, चुली विझल्या. आपल्याकडे उलटं. चुली पेटत्या आहेत, भिंती दर पिढीला वेगळ्या. दोन्हीकडे काही ना काही गेलंच. कुठलं बरं, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण मित्राने ‘असं एकही गाव नाही’ म्हटलं ते चूक होतं, एवढं आता म्हणू शकतो.

आणि लगेच भीतीही वाटते. म्हाताऱ्यांना दिसणारी ती रेघ आता किती जणांना दिसते? भिवंडी तालुक्यात बांध मोडून गोदामं उभी राहिली. एकेका गोदामाच्या पोटात दहा-बारा खाचरं सहज जातात, मधले बांध, आंबा, शेंदूर फासलेला दगड यांच्यासकट. याच तालुक्यात आमणे गावाशी समृद्धी महामार्ग संपतो. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरपासून सातशे एक किलोमीटर. त्या रस्त्यावर पायी चालायला बंदी आहे. मीही त्यावरून गेलोय, छान रस्ता आहे, तक्रार नाही. किती शिवा ओलांडल्या ते मात्र सांगता येणार नाही.

परत फिरू. त्याच बांधांवरून. जाताना पाठीवर होता तो वारा आता तोंडावर येईल. वालाच्या पानांवरचं दव सुकलेलं असेल, नदीवरचे कपडे झुडपांवर वाळत असतील. देवळाशी आता नैवेद्याची वेळ. चहा घ्या, मोदकही घ्या. चहावाल्याला त्याचं गाव विचारा, आणि गावाची शीव कुठे लागते तेही विचारा. बहुतेक तो हाताने दाखवेल. हात कुठल्या दिशेला गेला ते बघून ठेवा.

घरी गेल्यावर एक काम करता आलं तर करा. आजोळ असेल, सासर असेल, ज्याला तुम्ही आपलं गाव म्हणता ते. तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि चारी सीमा विचारून घ्या. पूर्वेला काय, दक्षिणेला काय. ओढ्याचं नाव, माळाचं नाव, झाड अजून आहे का. साध्या वहीत लिहा, खाली सांगणाऱ्याचं नाव लिहा. ताम्रपटात ते राहून गेलं होतं.

आता स्टेशन. दुपारची मुंबईकडची गाडी उभी आहे, खिडकी मिळेल. कल्याण, डोंबिवली, ठाणे, मुलुंड, घाटकोपर. कुर्ल्यानंतर डोळे उघडे ठेवा आणि फलाटावरची मराठी पाटी वाचायचा प्रयत्न करा. जमणं कठीण आहे. जलद गाडी शीवला थांबत नाही.